दवाखान्यात, कोर्टात दुभाषी म्हणून कुणाला उभं करता? (मराठवाड्यातल्यांनी अनुभव लिहा)

गोरमाटी_लेक

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

मी मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढले. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची भाषा, आणि शाळेत मराठी. आमच्या घरात शिकलेली पहिली मुलगी मी, म्हणून बारा वर्षांची असल्यापासून दवाखाना, बँक, रेशन, तहसील, जिथं मराठी बोलायचं तिथं मला पुढं करायचे. "पोरगी हुशार हाय, ती सांगती बरोबर." मला त्याचा अभिमान वाटायचा.

सातवीत असताना आजीला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेलो. सोबत काका होते. आजीनं मला सांगितलं की पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आता पुन्हा रक्त दिसायलंय. ते वाक्य मला मराठीत म्हणता येत होतं, शब्द सगळे माहीत होते. पण शेजारी काका, समोर पुरुष डॉक्टर, मागं रांग. मी म्हणाले, "पोटात दुखतंय." आजीनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हणाले. गोळ्या घेऊन घरी आलो.

दहा महिन्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात एक नर्सताई भेटल्या, त्या स्वतः तांड्यावरच्या. त्यांनी आजीला गोरबोलीत थेट विचारलं. तोवर गर्भाशयाचा कॅन्सर पसरला होता. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच तपासायचं असतं, हे मला पुढं खूप वर्षांनी कळलं.

आता मी तिशीत आहे. गेल्या वर्षी पाच दिवसांच्या एका दुभाषी प्रशिक्षणाला बसले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की लहान मुलाला कधीही दुभाषी करायचं नाही, आणि घरातल्या माणसाला शक्यतो नाही. मी बाहेर जाऊन रडले. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

तिथं शिकलेल्या काही गोष्टी इथं सांगते, कारण "दोन भाषा येतात म्हणजे झालं" असं मलाही वाटायचं.

दुभाष्यानं प्रथमपुरुषात बोलायचं. "ही म्हणतेय की तिचं डोकं दुखतंय" असं नाही, "माझं डोकं दुखतंय" असं. सुरुवातीला फार अवघड वाटतं. पण त्यानं डॉक्टर आपल्याकडं बघायचं सोडून पेशंटकडं बघायला लागतात. आपली स्वतःची शंका असेल तर "दुभाषी विचारतेय" असं स्पष्ट सांगून मगच विचारायची, आणि काय विचारलं ते दुसऱ्या बाजूलाही सांगायचं. कुणालाही न कळणारं बोलणं खोलीत चालू ठेवायचं नाही. बसायचं पेशंटच्या बाजूला, किंचित मागं.

आणखी एक सराव होता. बाई एक सूचना वाचून दाखवायच्या आणि आम्ही ती दुसऱ्या भाषेत सांगायची. "सकाळी उपाशीपोटी अर्धी गोळी, रात्री जेवणानंतर एक, ताप आला तरच तिसरी, पण दिवसात दोनपेक्षा जास्त नाही." मी "अर्धी" गाळली. माझ्या शेजारच्यानं "तरच" गाळलं. आम्ही सगळे पदवीधर, दोन्ही भाषा पाण्यासारख्या येणारे. आकडा आणि नकार सगळ्यात आधी निसटतात, म्हणून वहीत टिपायचे. काम झालं की तो कागद फाडून टाकायचा, कारण ती माहिती पेशंटची असते.

आपल्या आठ जिल्ह्यांत किती भाषा आहेत बघा. तांड्यांवर गोरबोली, किनवट-माहूरकडं गोंडी आणि कोलामी, देगलूर-बिलोली-धर्माबादकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, गावोगाव दखनी, शिवाय पारधी, वडार, कैकाडी समाजाच्या बोली. दोन भाषा बोलणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील. शिकलेला दुभाषी मात्र तालुक्याला एक सापडत नाही. तुमच्याकडं ही वेळ आली तर तुम्ही काय करता, ते लिहा.

सरळ_बोलतो

ताई, आजीचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. आता तांड्यावर काय, पारधी वस्तीवर काय, सगळ्यांना मराठी येतं. टीव्ही आहे, मोबाईल आहे. बाजारात भाव करतात, भांडतात. मग दुभाषी कशाला? वेगळा दुभाषी दिला तर माणसं मराठी शिकणारच नाहीत.

वॉर्डातली_रात्र

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, आता लातूर जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे. सरळ_बोलतो, बाजारातली भाषा आणि दुखण्याची भाषा एक नसते. भाव करायला येणारं मराठी "लघवीला जळजळ कधीपासून" याला पुरत नाही. ताप, भीती, कळा यांत माणूस शिकलेली भाषा विसरतो आणि आईच्या भाषेत ओरडतो. प्रसूतीच्या वेळी हे मी रोज बघते.

आणि हा प्रश्न निव्वळ तांड्याचा नाही, मराठी पेशंटचाही आहे. राज्यातल्या सरकारी कॉलेजांत पदव्युत्तर शिक्षणाच्या ५० टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात. माझ्यासोबत राजस्थान, केरळ, बिहारचे निवासी डॉक्टर होते. मनापासून काम करायचे. पण केजहून आलेली मावशी सांगते, "यांच्या अंगावरून वारं गेलंय." आपल्याला कळतं, अर्धांगवायू. त्या परराज्यातल्या डॉक्टरला वाटलं हवेचा त्रास, गॅस. दुसरी सांगते, "अंगावरून जातंय." म्हणजे पाळीच्या वाटेनं स्राव. इथं शब्द जवळजवळ तेच आणि दुखणं साफ वेगळं. पहिल्या पेशंटला तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचवायचं असतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आमच्याकडून लातूरला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

हिंदी-मराठीत फसवे शब्दही खूप. "दस्त हो रहे हैं क्या?" असं एका शेतकरी आजोबांना विचारलं, ते म्हणाले, "दस्त झालाय, पोरांच्या नावावर केलाय." कागदावर लिहिलं गेलं, जुलाब आहेत. "कोई शिकायत?" म्हटलं की आमची माणसं घाबरतात आणि "नाही साहेब, कुणाची तक्रार नाही" म्हणतात. केसपेपरवर "तक्रार नाही" अशी नोंद होते आणि पेशंट घरी.

२०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषा आहे. चांगलं आहे, पण तिथं प्रमाण मराठी शिकवतात. "दुखायलंय", "गरगरायलंय", "जीव कालवतोय", "चमक निघायली" हे कोण शिकवणार?

अमेरिकेतला एक अभ्यास आम्हाला शिकवला होता, तो डोक्यातून जात नाही. २००३ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. मुलांच्या दवाखान्यातल्या, दुभाष्यामार्फत झालेल्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तर एका भेटीमागं भाषांतराच्या सरासरी ३१ चुका निघाल्या. सगळ्यात जास्त चूक होती ती गाळण्याची. ताई, तुमच्या आजीच्या वेळी जे झालं ते तुमच्या एकटीचं नव्हतं. दुभाषी म्हणून मूल उभं केलं की तेच होतं, जगात कुठंही.

गोरमाटी_लेक

डॉक्टर ताई, शेवटच्या दोन वाक्यांबद्दल मनापासून आभार. नुसतं वाचून पुढं जाता आलं नाही.

धर्माबादचा_तेलुगू

आमच्याकडचं एक सांगतो. तेलुगूत "कडुपु" म्हणजे पोट आणि "कडुपु" म्हणजे गर्भही. "कडुपुतो उंदि" म्हणजे बाई गरोदर आहे. माझ्या बहिणीच्या सासूला निजामाबादकडच्या सुनेचं बोलणं नीट समजायचं नाही. सुनेनं पहिल्या महिन्यांत दवाखान्यात तसं सांगितलं, सासूनं मराठीत "पोटाचा त्रास हाय" असं सांगितलं, आणि एक्स-रे लिहून दिला. नशिबानं तिथल्या तंत्रज्ञाला तेलुगू येत होतं. त्यानं विचारलं आणि थांबवलं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाला दवाखान्यात जायचं असलं की मला फोन येतो. मी किराणा दुकानदार आहे. पैसे घेत नाही, पण दुकान बंद ठेवावं लागतं. आणि खरं सांगतो, मी सगळं सांगतो का? नाही. एकदा डॉक्टरांनी सांगितलं, आजाराचं निदान गंभीर आहे. मी म्हाताऱ्याला सांगितलं, "होईल बरं." मला वाटलं, चांगलं केलं. ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. त्याला ठाऊक असतं तर त्यानं पोराचं लग्न आधी उरकलं असतं, पोराला उसाच्या फडावरून बोलावलं असतं. तो गेला तेव्हा पोरगा फडावर होता.

सरळ_बोलतो

दादा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर ताईंचं म्हणणंही पटलं. पण मग मोबाईलवरचं भाषांतर? आता सरकारचं भाषिणी आहे. बोललं की लगेच दुसऱ्या भाषेत ऐकू येतं. पाच दिवसांचं प्रशिक्षण, मानधन, एवढं सगळं कशाला?

गोरमाटी_लेक

भाषिणी २०२२ साली सुरू झालं आणि मी ते वापरते. मराठी-तेलुगू, मराठी-कन्नड यांत रस्ता विचारायला, औषधाच्या दुकानात, बसस्टँडवर उपयोग होतो. पण ते प्रामुख्यानं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांभोवती उभं केलंय. गोरबोली त्या परिशिष्टात नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (ही गोरबोलीचीच नावं) मातृभाषा सांगणारे सुमारे ३३ लाख लोक निघाले, आणि त्यांची गणती हिंदीखाली केली गेली. आमची भाषा मोजतानाच दुसऱ्या नावाखाली जाते, तिथं मोबाईलला ती कळावी ही अपेक्षा कशी करायची? गोंडी-कोलामीचं दुखणं तर आणखी खोल आहे. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक.

आणि भाषा उपलब्ध असली, तरी ऑपरेशनच्या संमतीसाठी यंत्रावर विसंबू नये असं मला वाटतं. चुकलं तर यंत्राला ते चुकलं हे कळत नाही. माणसाला शंका आली की तो थांबतो आणि विचारतो, "तुम्ही म्हणालात ते पुन्हा सांगाल का?" प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ आम्ही या एका वाक्याचा सराव केला. मान खाली घालून अंदाजानं पुढं जायची सवय मोडायला वेळ लागतो.

काळा_कोट_परभणी

वकील आहे, फौजदारी कामं करतो. कोर्टाच्या बाजूनं लिहितो.

कायद्यात तरतूद नाही असं समजू नका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ नं सांगितलं होतं की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर कोर्टात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितलीच पाहिजे. कलम २८२ नं दुभाष्यावर खरं भाषांतर करण्याचं बंधन घातलं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे कायम आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब आणि साक्ष घेताना भाषांतरकार किंवा दुभाषी देण्याची स्वतंत्र तरतूद आहे.

१९६२ चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल तर आपल्याच राज्यातला. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती, त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. पोलीस अधिकाऱ्यानं तोंडी समजावलं, एवढं पुरेसं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आणि त्याला सोडलं. ज्या भाषेत माणसाला कळतं त्या भाषेत आणि त्या लिपीत कारणं हातात पडली पाहिजेत, तरच तो बचाव मांडू शकतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. पारधी समाजाचा एक तरुण, त्याची आई साक्षीला. तिची बोली गुजरातीच्या जवळची. कोर्टात पुकारा झाला, "हिची भाषा कुणाला येते?" आणि त्यांच्याच वस्तीतला, त्यांच्याशी जागेवरून वाद असलेला एक माणूस उभा राहिला. शपथ घेतली, भाषांतर केलं. मी हरकत घेतली. दुसरा दुभाषी मिळेपर्यंत तीन तारखा गेल्या, आणि पोरगा तेवढे दिवस आत. शपथ होती, कायदा होता, नव्हता फक्त यादीत नाव असलेला, शिकलेला, कुणाच्या बाजूचा नसलेला माणूस. ज्या समाजाला १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये त्यातून मोकळं केलं, त्याच्या बाईचं बोलणं कोर्टात तिच्या भांडणातल्या माणसाच्या तोंडून यावं, हे मला अजून सलतं.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. त्यांच्याकडं विधी स्वयंसेवक असतात, त्यांना प्रशिक्षण मिळतं, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. त्याच चौकटीत बोलीभाषांच्या दुभाष्यांची यादी करता येईल. नवा कायदा लागत नाही. अर्ज लिहायला मी तयार आहे.

हातांची_भाषा

मूकबधिर व्यक्तींसाठी सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते, छत्रपती संभाजीनगरला. आमच्याकडं निदान रीतसर शिक्षण आहे. दोन वर्षांचा भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका अभ्यासक्रम आहे, दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेलं संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांचा दहा हजार संज्ञांचा कोश २०२१ मध्ये आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं न्यायालयात पोचण्याचा हक्क वेगळा नोंदवला. तरी बोलावणं येतं ते आदल्या रात्री, "उद्या अकराला या", एवढंच. प्रकरण काय, साक्षीदार कोण, काही सांगत नाहीत. तयारीशिवाय दुभाषी म्हणजे बिनतयारीचा सर्जन.

गावाकडची अडचण आणखी एक आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. शाळेत न गेलेल्या मूकबधिर मुलीला भारतीय सांकेतिक भाषाही येत नाही. तिची असते घरातली खुणांची भाषा. तिची आई आणि ती, दोघींनाच कळणारी. अशा वेळी आम्ही एका मूकबधिर सहकाऱ्याला सोबत घेतो. तो तिच्या खुणा ओळखून सांकेतिक भाषेत मला सांगतो, मी मराठीत बोलते. त्याला जे दिसतं ते मला, ऐकू येणारीला, बारा वर्षं काम करूनही दिसत नाही. एका साक्षीला पूर्ण दिवस लागतो, आणि तो द्यावा लागतो. २०१३ च्या दुरुस्तीपासून अशी साक्ष चित्रित करणं सक्तीचं आहे, त्यामुळं नंतर भाषांतर तपासता येतं. बोलीभाषांच्या बाबतीतही ध्वनिमुद्रण व्हावं असं मला फार वाटतं. आज दुभाष्यानं काय गाळलं, याचा कुठंच मागमूस राहत नाही.

फसली_वर्ष

निवृत्त तलाठी. वय ७४. थोडं वेगळं लिहितो, पण विषय हाच.

आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी भाषा उर्दू. माझे आजोबा मराठी बोलायचे, शेतसारा मराठीत मोजायचे, आणि कागद मिळायचा उर्दूत. त्या काळी प्रत्येक गावात "कागद वाचणारा" असायचा. निजाम सरकारनं १९१७ मध्ये हैदराबादला भाषांतराचं मोठं खातं काढलं, दारुत्तर्जुमा. उस्मानिया विद्यापीठात वैद्यक, कायदा, विज्ञान उर्दूतून शिकवता यावं म्हणून तिथं शेकडो पुस्तकं उर्दूत आणली. म्हणजे भाषांतराला पगारी, शिकलेली माणसं लागतात हे शंभर वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यालाही कळत होतं. आमच्या मराठी, तेलुगू, कन्नड शेतकऱ्याला त्या पुस्तकांचा किती उपयोग झाला, ते वेगळं.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली. माझ्याकडं रोज माणसं यायची, हातात जुन्या नकला. लिपी शिकस्ता, म्हणजे घाईची, नुक्ते (अक्षरांची टिंबं) गाळलेली. वर्ष फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, फसली १३४४ म्हणजे साधारण १९३४. हे न कळल्यानं लोकांनी अर्जात भलतीच सालं लिहिली.

पण सांगायचं ते एका शब्दाबद्दल. "काबिज". म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो. एका भाषांतरकारानं त्याचं मराठी केलं "मालक". तेवढ्या एका शब्दावर दोन भाऊबंदांत कोर्ट लागलं. मूळ कागद वाचून मी सांगितलं तेव्हा दोघंही आधी माझ्यावरच चिडले. गोरमाटी ताई, दुभाष्याला शब्दांची वही हवी हे तुम्ही लिहिलं नाही, ते लिहा. मी माझ्या वहीतून महसुलाचे उर्दू शब्द अर्थासकट देतो, सव्वादोनशे झालेत.

गोरमाटी_लेक

काका, हक्कानं सांगितलंत, बरं वाटलं. शब्दवही हा प्रशिक्षणाचा मोठा भाग होता, लिहायचा राहिला. आम्ही गोरबोलीत शरीराचे अवयव लिहायला बसलो तर तीन तांड्यांच्या तीन जणी, काही शब्द तिघींचे वेगळे. भांडलो, मग तिन्ही लिहिले. काही गोष्टींना शब्दच नाही, जसं बायोप्सी. तिथं "त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात" असं पूर्ण सांगायचं, आणि ऐकणारीला तिच्या शब्दांत परत सांगायला लावायचं. "कळलं का?" असं विचारायचंच नाही. आमच्याकडं साहेबांपुढं सगळे "हाव" म्हणतात.

कोयत्याचा_पोरगा

बीड जिल्हा. आई-बाप दोघंही ऊसतोड. मी बारावीपर्यंत शिकलो, आता पुण्यात कंपनीत आहे.

डॉक्टर मॅडम आणि ताई, तुमचं वाचून विचारतो. आमची टोळी कर्नाटकात जायची. मी तेव्हा लहान होतो, गावी वसतिगृहात. आईला तिकडं एका दवाखान्यात नेलं, पोट दुखायचं म्हणून. परत आली ती पिशवी काढूनच. वय तेव्हा एकतीस. २०१९ ला आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, चौकशी समिती बसली, तेव्हा मी पहिल्यांदा आईला विचारलं. ती म्हणाली, "काय की. ते त्यांच्यात बोलत होते. मुकादम म्हणला, अंगठा दे, उद्या कामावर यायचंय." तिला त्या सगळ्यात एकच शब्द कळला, "सही". कन्नडमध्येही सहीला सहीच म्हणतात.

मी कुणावर आरोप करायला लिहीत नाही. ऑपरेशन गरजेचं असेलही. तिला ते आजवर माहीत नाही, एवढंच. तिची कंबर धरलेली असते, घाम येतो, रात्री झोप नाही, आणि ती म्हणते माझं नशीब.

घरी पत्र्याच्या पेटीत ते कागद आहेत. दोन कन्नडमध्ये, एक इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. इथं कुणाला कन्नड वाचता येतं का?

वॉर्डातली_रात्र

भाऊ, इंग्रजी कागद मी वाचीन. अंडाशयं ठेवली की काढली ते त्यात असेल. तुम्ही सांगताय ती लक्षणं त्याच्याशी जोडलेली असू शकतात, आणि त्यावर उपचार आहेत. हाडांची तपासणीही करून घ्यावी लागेल.

उमरग्याचा_सीमावासी

मी कन्नड वाचतो. शाळा कन्नड माध्यमाची, सासुरवाडी आळंदची. कागद पाठवा. पण दादा, आधी एक करा. ताईंनी वर लिहिलंय की माहिती पेशंटची असते. आईला विचारा, की एक अनोळखी पुरुष माणूस तुझे कागद वाचणार आहे, चालेल का. नाही म्हणाल्या तर माझी बायको वाचेल, तिचंही कन्नड चांगलं आहे. आणि इथं धाग्यावर टाकू नका, खासगी निरोपात पाठवा.

काळा_कोट_परभणी

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, फोटोच पाठवा.

गोरमाटी_लेक

मध्येच एक सांगते, मग मुख्य विषय चालू द्या. फसली काका, धर्माबादचे दादा, हातांची भाषा ताई, डॉक्टर ताई, वकील साहेब, तुम्ही सगळे नांदेडला एक रविवार येऊ शकाल का? शाळेचा एक वर्ग मिळू शकतो. पहिला दिवस फक्त दवाखान्याचा ठेवू: प्रथमपुरुष, आकडे, न गाळणं, "पुन्हा सांगाल का". तांड्यावरच्या सहा आशाताई यायला तयार आहेत, त्यांच्या दिवसाच्या मजुरीचं आपण आपल्यात बघू. फुकट राबवायचं नाही हे माझं ठाम मत आहे, धर्माबादच्या दादांचं दुकान किती वेळा बंद राहिलं ते वाचलंच आपण. पुढं रुग्ण कल्याण समितीकडं मानधनाची मागणी करता येईल, त्याचा मसुदा वकील साहेबांनी करावा.

सरळ_बोलतो

मी हिंगोलीहून येतो. मला दुसरी भाषा येत नाही. पेशंट म्हणून बसेन सरावाला.

कोयत्याचा_पोरगा

आईला फोन केला. आधी गप्प बसली. मग म्हणाली, बाईनं वाचावं. मग पुन्हा तिचाच फोन आला, की वाचताना मलाबी फोनवर घ्या, तुम्ही आपसात बोलू नका, मला माझ्या शब्दांत सांगा.

उमरग्याच्या वहिनींना कधी जमेल?

उमरग्याचा_सीमावासी

आज रात्री नऊला. ती म्हणते, आईंना सांगा, वही-पेन घेऊन शेजारी नातीला बसवू नका, दुसऱ्या कुणी मोठ्या बाईला बसवा.